जुन्या गाडीला बाहेरून बसवलेले पार्किंग सेन्सर : तुमचे अनुभव सांगा

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारला मागचे पार्किंग सेन्सर (रिव्हर्स घेताना मागे अडथळा आला की वाजणारे) कंपनीतूनच येतात. चालकाची एअरबॅग, सीटबेल्ट लावला नाही तर वाजणारा गजर आणि ताशी ८० किमीच्या वर गेल्यावर होणारी टिकटिक, या सगळ्यांबरोबर तेही तेव्हा सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर आहेत. इंजिन उत्तम, मालक विकायला तयार नाही, आणि रिव्हर्स घेताना सगळी भिस्त आरशांवर आणि वॉचमनच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’वर.

आमची २०१२ ची आयटेन त्यातलीच. इमारत स्टिल्टवर, आमची जागा दोन खांबांच्या मध्ये, मागे टाकीची भिंत. सेन्सर बसवायचे नक्की केले आहे. ज्यांनी बसवले असतील त्यांनी जरूर लिहा: भोके कोणी पाडली, किती उंचीवर, वायर कुठून घेतली, पावसाळ्यात चालतात का, दोन-तीन वर्षांनी काय अवस्था आहे. कुठल्या ब्रँडचे घेतले यापेक्षा बसवले कसे, हे वाचायला जास्त आवडेल. दुकानात मी जी किटं पाहिली ती आतून जवळपास एकसारखी दिसली: चार सेन्सर, एक छोटा बॉक्स, बझर किंवा डिस्प्ले, आणि भोक पाडायचा होल सॉ.

वॅगनआर २०१०, पुणे

बाबांसाठी बसवले. मानेच्या मणक्यांचा जुना त्रास, मान झटक्याने वळवायची नाही असे डॉक्टरांनी बजावलेले, आणि गाडी सोडायची त्यांची मुळीच तयारी नाही. नाना पेठेतून किट घेतले, तिथल्याच एका कारागिराने बसवून दिले. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. ड्रिल हातात घेण्याआधी त्याने टेप लावून जमिनीपासून बंपरची उंची मोजली, मग मागच्या सीटवर दोन माणसे बसवून पुन्हा मोजली. माणसे बसली की गाडी मागून दबते आणि सेन्सर रस्त्याकडे बघायला लागतात, असे त्याचे म्हणणे. भोके ५५ सेंमीवर पाडली. मोकळ्या रस्त्यावर उगीच वाजलेत असे आजवर झालेले नाही.

बाबांना सुरुवातीला आवाजाचा राग यायचा. मग त्यांनी स्वतःच पद्धत बसवली. टिकटिक सावकाश आहे तोवर आरसे बघत यायचे, जलद झाली की क्लच पूर्ण दाबायचा, सलग सूर लागला की थांबायचे. सलग सूर लागतो तेव्हा मागे साधारण फूटभर जागा उरते, हे आम्ही भिंतीशी गाडी लावून, खाली उतरवून त्यांना दाखवले. तिथून त्यांचा भरवसा बसला. आधी मान वळवावी लागेल म्हणून ते समांतर पार्किंग टाळायचे, बँकेपासून दोन गल्ल्या लांब गाडी लावून उन्हात चालत यायचे. ते थांबले, याचे मला खरे समाधान आहे.

स्विफ्ट २००९, नाशिक

मी घरीच बसवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंपर न काढताही काम होते, पण काढून करा असेच मी सांगेन. बंपरच्या मागे आडवी लोखंडी पट्टी असते. बाहेरून जागा छान दिसते आणि भोक पाडल्यावर कळते की सेन्सरच्या पाठीला जागाच नाही. बंपरला पडलेले भोक परत बुजत नाही, रंगकाम वेगळे करावे लागते. काढलेल्या बंपरवर सगळे समोर दिसते.

आडवी मास्किंग टेप लावली, बरोबर मध्ये खूण केली, तिथून दोन्हीकडे मापे घेतली. मधल्या दोन सेन्सरांत ४० सेंमी, बाहेरच्यांचे अंतर थोडे कमी. कोपरा जिथे वळतो तिथे सेन्सर लावला तर तो शेजारच्या गाडीकडे तोंड करून बसतो आणि विनाकारण वाजतो. माझ्या किटचा होल सॉ २२ मिमीचा होता. आधी बारीक भोक, मग होल सॉ अगदी कमी वेगात. वेग वाढवला की प्लास्टिक कापले जाण्याऐवजी वितळते आणि कडेचा रंग उडतो. कडा पॉलिश पेपरने साफ केल्या.

सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, तो बघूनच लावा. आवाजाचा झोत आडवा पसरट आणि उभा अरुंद असतो. सेन्सर फिरवून बसवला तर झोत उभा होतो आणि डांबर हाच अडथळा म्हणून दिसू लागतो.

वायर आत घेताना पत्र्याला नवे भोक पाडू नका. तिथून गंज धरतो आणि डिकीत पाणी येते. मुळातच असलेल्या रबरी बुचाला चीर देऊन मी चारही वायरी आत घेतल्या. लाल वायर रिव्हर्स लाइटच्या धन तारेला, काळी बॉडीला, रंग खरवडून. रिव्हर्स गिअर पडला की बॉक्सला १२ व्होल्ट मिळतात, एरवी तो बंद. तार कुठली ते टेस्ट लॅम्पने शोधायचे: इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये. सांधा पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा.

हे चालते कसे ते समजून घ्या, म्हणजे बसवताना हात आपोआप नीट पडतो. सेन्सरचा छोटा पडदा सुमारे ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनीही तोच ऐकतो. भिंत एक मीटरवर असेल तर आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांत जाऊन येतो. आवाज सोडल्यावर पडदा क्षणभर थरथरत राहतो, तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी त्याला वेगळा ओळखता येत नाही. फूटभराच्या आत सगळ्यांनाच एक सलग सूर का, त्याचे कारण हे.

अल्टो २००८, रत्नागिरी

पावसाचे विचारलेत म्हणून लिहिते. जुलैच्या संततधारेत थेंब नेमका पडद्यावर लटकतो आणि मागे काही नसताना बझर वाजतो. फडक्याने पुसले की शांत. त्याचा त्रास होत नाही, सवय होते. मला काळजी वाटते ती चिखलाची. लाल माती सेन्सरवर सुकली की वाजायचे तेव्हाही वाजेलच याची खात्री उरत नाही, आणि गाडीत बसलेल्या माणसाला वाटते की मागे मोकळे आहे. पावसाळ्यात रोज निघताना चारही सेन्सरांवरून बोट फिरवायचे, ही आमच्या घरातली शिस्त आहे.

जांभ्याचा गडगा तो छान ओळखतो. रस्त्याकडेचे उघडे गटार मात्र अजिबात नाही. खड्डा म्हणजे त्याच्या लेखी रिकामी जागा. आमच्या वाडीत गाडी वळवायची तर मागे गटारच आहे, तिथे कोणीतरी खाली उतरून उभे राहिल्याशिवाय मी रिव्हर्स घेत नाही.

इंडिका २००७, लातूर जिल्हा

रत्नागिरीच्या ताईंनी गटाराचे लिहिले, मी कडब्याचे लिहितो. कडब्याची गंजी, कापसाची गाठोडी, गोणपाट, यांत आवाज मुरतो, परत फारसा येत नाही. गाडी गंजीला टेकेपर्यंत बझर गप्प राहिलेला मी पाहिला आहे. काटेरी तारेच्या कुंपणाचे तेच, तार इतकी बारीक की तिच्यावरून काही परत येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उभी ट्रॉली. फळी सेन्सरच्या वर असते, झोत तिच्या खालून निघून जातो आणि फळी थेट मागच्या काचेला येते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला जे राहतात त्यांनी हे लक्षात ठेवावे. शेतावर मी आरशावरच चालतो. लातूर शहरात, मार्केट यार्डाच्या गर्दीत मात्र सेन्सरचा उपयोग होतो, नाही असे नाही.

सँट्रो २०११, ठाणे

एकच सूचना. बझर मागच्या सीटमागे, ट्रेच्या खाली लावून घ्या. आमचा डॅशबोर्डखाली लावला होता आणि झोपलेले बाळ दचकून उठायचे. जागा बदलून घेतली, आता आवाज पुरेसा येतो आणि कानठळ्या बसत नाहीत.

ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर

उद्यमनगरात माझे काम आहे. ‘सेन्सर गेला’ म्हणून जी गाडी येते तिचा सेन्सर बहुतेक वेळा चांगला असतो. आधी रिव्हर्स लाइट लागतो का बघा. तो लागत नसेल तर फ्यूज, बल्ब किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच यांत दोष आहे. लाइट लागतो पण बॉक्स मध्येच बंद पडतो, तर अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली काळी वायर, बघा. बॉडीवर रंगावरच स्क्रू आवळलेला असतो.

एकच सेन्सर गप्प असेल तर बॉक्सवरची त्याची पिन काढून शेजारच्या जागी लावा, शेजारची याच्या जागी. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर किंवा त्याची वायर खराब, आहे तिथेच राहिला तर बॉक्स. सुटा सेन्सर मिळतो. पूर्ण किट बदलायची गरज नसते, आणि गिऱ्हाइकाचा पैसा वाचला पाहिजे.

ज्यांच्या गाडीला लोखंडी बंपर आहे, ओम्नी असो की अँबॅसडर, त्यांनी सेन्सरभोवती जाड रबरी किंवा सिलिकॉनची रिंग असल्याशिवाय बसवू देऊ नका. सेन्सर पत्र्याला चिकटला की पडद्याबरोबर पत्राही थरथरतो आणि गाडी उभी असतानाही बझर वाजत राहतो.

रंग जुळवायला सेन्सर रंगवून मागतात. एक पातळ हात चालतो. जाड थर दिला की पडदा जड होतो आणि लांबचे ऐकू येत नाही.

कोरोला २००८, न्यू जर्सी

इकडे १ मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, माझी गाडी त्याच्या आधीची. कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही बसवले. हिवाळ्यात बर्फाचा थर चढला की सेन्सर सतत वाजतात, आणि रस्त्यावरच्या मिठाने कॅमेऱ्याची काच पांढरी होते. गाडी काढताना काचेबरोबर बंपरही ब्रशने झाडावा लागतो. गरम पाणी ओतू नका, लगेच परत गोठते. कोल्हापूरच्या दादांनी रंगाचे सांगितले ते पटले, माझा एक सेन्सर जाड रंगामुळेच बहिरा झाला होता, सुटा नवा लावला तेव्हा ठीक झाला.

रिट्झ २०१३, नागपूर

मला दोन वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे मी हे वेगळ्याच काळजीने वाचते आहे. सेन्सर बसवल्यावर मी अंगणात, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, फक्त इग्निशन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये ठेवून, तिच्या उंचीची खोकी ठेवून पाहिली. उभे खोके मीटरभरावर बझरला कळले. तेच खोके आडवे, जमिनीलगत, बंपरच्या अगदी जवळ ठेवले तर काहीच नाही. खेळता खेळता चेंडूसाठी खाली वाकलेले मूल असेच असते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: गाडी निघताना मुलगी घरातल्या कोणाच्या तरी कडेवर असलीच पाहिजे, आणि चालवणारा आधी गाडीला एक फेरी मारून मगच बसेल. सेन्सर आहेत, कॅमेराही घेणार आहे, तरी ही फेरी मी कोणालाही चुकवू देत नाही. घरी लहान मुले असणाऱ्यांनी ही खोक्याची चाचणी स्वतः करून बघावी अशी कळकळीची विनंती.

आयटेन २०१२, धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरच्या ताईंची चाचणी आमच्याकडेही करणार, खाली सोसायटीची मुले खेळतात. विमा एजंटांशीही बोललो. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत आय.एम.टी. २४ या कलमाखाली जास्तीचा हप्ता भरून घेता येतात, बिल मात्र जपून ठेवायचे. एक शंका उरली: गाडीला सीएनजी आहे, टाकी डिकीत. चालेल ना?

ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर

चालेल. टाकीच्या व्हॉल्व्हजवळून आणि हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळून वायर नेऊ नका, दुसऱ्या बाजूने न्या. उघडा सांधा कुठेही ठेवू नका, लाल वायरीत छोटा फ्यूज टाका. बॉक्स टाकीच्या स्टँडला बांधू नका, बाजूच्या पत्र्यावर, उंचावर लावा, म्हणजे डिकी धुतली तरी भिजणार नाही. काम सुरू करण्याआधी डिकी उघडी ठेवून वास घ्या आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवा. वास आला तर सेन्सरचे काम बाजूला ठेवून आधी सीएनजीवाल्याकडे जा.