पुण्यातील ज्यू आणि ख्रिस्ती वास्तू एका सकाळी पायी पाहता येतील का?

पायपीट:
नमस्कार. माझे मामेभाऊ आणि वहिनी पुढील महिन्यात नाशिकहून दोन दिवसांसाठी येत आहेत. शनिवारवाडा आणि पर्वती त्यांची पाहून झाली आहे. या खेपेस त्यांना शहरातील सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आणि जुनी चर्चे पाहायची आहेत. लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, मला फक्त बाहेरून ठाऊक आहे आणि शाळेत असताना कित्येक वर्षे मी त्याला चर्चच समजत होतो. हे सारे एका सकाळच्या चालण्यात बसेल का? शिवाय या दोन समाजांच्या वास्तू एकाच फेरीत पाहण्याला इतिहासाचा काही आधार आहे, की ती केवळ अंतराची सोय आहे?

दगडविटा:
बसेल, पण सुरुवात लष्कर (कॅम्प) भागातून न करता पेठांतून करावी. पंचहौद मिशनचे चर्च, तेथून क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च, मग रास्ता पेठ, ससून रुग्णालय, लाल देऊळ आणि शेवटी सेंट मेरीज, असा क्रम मी सुचवेन. सिटी चर्चसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली ती १७९२ साली, पेशव्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी, म्हणजे पुण्यात इंग्रजी अंमल येण्याच्या पाव शतक आधी. आजची इमारत नंतरची असली, तरी ‘चर्चे इंग्रजांबरोबर आली’ हा समज तिथेच गळून पडतो. सेंट मेरीज मात्र पूर्णपणे छावणीचे चर्च आहे. बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ साली त्याचे पवित्रीकरण झाले आणि भिंतींवरील स्मृतिफलक वाचू लागलात तर तासभर सहज जाईल.

लाल देवळाबाबत आपली चूक अगदी स्वाभाविक होती. लाल विटा, टोकदार कमानी आणि सुमारे ९० फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा हा सगळा इंग्रजी गॉथिक थाट आहे, कारण आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा होता. ससून रुग्णालयाची जुनी इमारतही त्याचीच. खर्च उचलला बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी. ते १८६४ साली पुण्यातच वारले, सिनेगॉग पूर्ण झाले १८६७ मध्ये, आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. देणगीदार ज्यू, रचना चर्चची आणि लोकांनी दिलेले नाव देऊळ! आपल्याला हवा असलेला समान वारसा याहून ठळक कोठे मिळणार?

रास्तापेठकर:
दगडविटा यांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. लाल देऊळ चर्चसारखे दिसते ते वसाहतकाळाच्या अभिरुचीमुळे. त्यावरून दोन समाजांच्या नात्याविषयी फारसे काही कळत नाही. ससून यांचा समाज बगदादी होता, त्यांची परंपरा अरबी भाषेतली, आणि कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंपासून, म्हणजे बेने इस्रायलांपासून, ते बरेच अंतर राखून असत. रास्ता पेठेत १९२१ साली सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलांचे स्वतंत्र सिनेगॉग उभे राहिले, हे लक्षात घेतल्याशिवाय ही फेरी अपुरी राहील. ती इमारत साधी असल्यामुळे पुष्कळ लोक न थांबता पुढे जातात.

आमच्या वाड्यातील एका बेने इस्रायल कुटुंबाकडून मलिद्याचे ताट येत असे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड, शेजारी खजूर आणि केळी; आजी पदार्थ चाखण्याआधी विचारायची, “नवस फेडला का हो?” तो नवस एलियाहू हानबी या संदेष्ट्याचा असे. माझ्या मते या शहरातला खरा समान धागा मराठी आहे, कमानी नव्हेत.

घंटानाद:
मी मराठी ख्रिस्ती कुटुंबातला आहे आणि रास्तापेठकरांच्या म्हणण्याला पुष्टी देतो. त्यांचा एलियाहू म्हणजे आमच्या पवित्र शास्त्रातला एलीया. ‘ओहेल’ म्हणजे तंबू आणि ‘सुक्का’ म्हणजे मांडव. त्यामुळे पुण्यातली दोन सिनेगॉग नावाने दावीदाचा तंबू आणि शलमोनाचा मांडव ठरतात, आणि ही दोन्ही नावे आम्ही रविवारच्या शाळेत ऐकतच वाढलो. यामागे इतिहासही आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले आणि बेने इस्रायल मुलांना हिब्रू शिकवले. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. परंतु बहुतेक बेने इस्रायलांनी धर्म न बदलता विद्या तेवढी घेतली, आणि पुढे अब्राहाम व मोशे यांच्या कथांवर मराठीत कीर्तनेही रचली. मिशनऱ्यांचा डाव असा उलटल्याची मला, ख्रिस्ती असूनही, गंमत वाटते.

पंचहौदाला मात्र घाई करू नका. चर्च १८८५ सालचे आहे आणि त्याचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून सुटा, इटालियन धाटणीचा आहे. १८९० साली ज्या चहावरून टिळक आणि रानडे यांच्यावर ग्रामण्याची (जातबहिष्काराच्या वादाची) वेळ आली, तो चहा याच मिशनचा.

सावधपथिक:
व्यवहाराचे तेवढे सांगतो. शनिवारी सिनेगॉग पाहण्यासाठी जाऊ नये, कारण तो शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते. मुंबईतील २००८ च्या हल्ल्यानंतर सिनेगॉगचा बंदोबस्त कडक झाला आहे, तेव्हा आधी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. मी एकदा शनिवारी, न विचारता, पाहुण्यांसह एका दारात जाऊन उभा राहिलो आणि परत फिरावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती. पुरुषांनी डोके झाकण्यासाठी टोपी किंवा रुमाल न्यावा. आत गेल्यावर पवित्र ग्रंथांचे कपाट कोणत्या दिशेला आहे ते जरूर पाहावे. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला असल्याने भारतात ते पश्चिमेकडे ठेवण्याचा प्रघात आहे, तर जुन्या चर्चमध्ये वेदी सहसा पूर्वेला असते.

पायपीट:
सर्वांचे आभार. बुधवार ठरवला आहे आणि परवानगीसाठी आजच पत्र लिहितो. सुरुवात पंचहौदापासून करू, पण सर्वाधिक वेळ रास्ता पेठेला देऊ. वहिनींनी मलिद्याची कृती विचारली आहे. रास्तापेठकर, पोहे जाडे घ्यायचे की पातळ?