मदत हवी आहे: स्टेजवर तीन तास दगा न देणारा लॅपटॉप कोणता?

काळी_दोन:
मी कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. कीबोर्ड म्हणजे नुसता मिडी कंट्रोलर, कुठली पट्टी दाबली तेवढंच लॅपटॉपला कळवणारा. पियानो, स्ट्रिंग्ज, ऑर्गन सगळं लॅपटॉपमधून. गेल्या कार्यक्रमात ऐन अंतऱ्यात करकर सुरू झाली, रेडिओचं स्टेशन हुकल्यासारखी. गायिकेने मान वळवून पाहिलं. मी पटकन स्ट्रिंग्ज बंद केल्या आणि नुसत्या पियानोवर गाणं निभावून नेलं. मध्यंतरात लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर चटकाच बसला.

गंमत म्हणजे घरी हाच सेटअप तासन्तास निमूट चालतो. टास्क मॅनेजर सीपीयू ३० टक्क्यांच्या वर दाखवत नाही.

दुसरं दुखणं यूएसबी पोर्टचं. इतका सैल झालाय की ऑडिओ इंटरफेसची (लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणाऱ्या डबीची) केबल जरा हलली की आवाज गायब. सध्या चिकटपट्टीवर भागवतोय.

लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी, साधी फिरती हार्ड डिस्क. बफर १२८ सॅम्पल, ४८००० हर्ट्झ. नवीन घ्यायचाच आहे. 'लष्करी दर्जा'वाले खरंच मजबूत असतात का? गेमिंगचा घेऊ, बिनपंख्याचा, की सरळ रॅकमध्ये मिनी पीसी? वेगापेक्षा टिकाऊपणा हवाय.

पांढरी_चार:
खरेदी जरा थांबवा, आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू. ४८००० हर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. बफर म्हणजे आवाजाचा एकेक तुकडा, आणि प्रत्येक तुकडा तेवढ्या वेळात तयार झालाच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी 'टक्'. टास्क मॅनेजरचे ३० टक्के ही सरासरी, त्यावर जाऊ नका. ताल सरासरीने बरोबर असून चालतो का?

तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, हे एक. दुसरा संशय हार्ड डिस्कवर. पियानोचे मोठे सॅम्पल (इथे अर्थ रेकॉर्ड केलेले सूर) वाजवताना डिस्कवरून वाचले जातात, आणि स्टेजवर शेजारी बेसचे स्पीकर धडधडत असतात. त्या हादऱ्यांनी फिरती डिस्क अडखळू शकते. घरी हादरे नाहीत, म्हणून तक्रारही नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

तिसरं, लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवून बघा. कुठला ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) वाट अडवतोय ते कळतं. बऱ्याचदा वायफायचा निघतो.

आणि बफर २५६ करा. वाढतात जेमतेम २.७ मिलिसेकंद. हवेतून एक मीटर यायलाच आवाजाला सुमारे ३ लागतात; मॉनिटरपासून एक पाऊल मागे सरकलात असं समजा.

सूर_जुळारी:
'लष्करी दर्जा'च्या लेबलाबद्दल. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते. लॅपटॉप पडून वाचेलही, पण तीन तास वाजवल्यावर किती तापेल किंवा पोर्ट किती वर्षं घट्ट राहील, हे त्यावरून कळत नाही.

बिनपंख्याचा शांत असतो, पण सलग ताणाखाली मंदावतो. गेमिंगवाला थंड राहतो, मात्र पंखा असा घोंघावतो की शेजारच्या माइकमध्ये यायचा. मिनी पीसी रॅकमध्ये छान बसतो, पण बॅटरी नाही. वीज नुसती डोळा मारून गेली तरी तो बंद. लॅपटॉपची बॅटरी हाच तुमचा यूपीएस.

मी असतो तर ऑफिसवाल्यांसाठी बनवलेल्या श्रेणीतला, एक-दोन वर्षं वापरलेला घेतला असता. मागचं झाकण स्क्रूने उघडतं, सुटे भाग मिळतात. रॅम बोर्डावर चिकटवलेली नाही ना, तेवढं बघा. १६ जीबी असू द्या. पोर्ट निदान तीन हवेत, म्हणजे एक गेला तरी कार्यक्रम जात नाही.

मॅकचा विचार असेल तर मेनस्टेज (स्टेजवर वाजवण्यासाठीचं ॲपलचं सॉफ्टवेअर) तिथेच चालतं, विंडोजवर नाही. पण तुमचे प्लगिन (वाद्यांचे आवाज देणारे प्रोग्रॅम) तिथे चालतात का ते आधी तपासा. मशीन कुठलंही असो, कार्यक्रमाच्या आठवड्यात अपडेटला हात लावू नका. माझे हात पोळलेत!

काळी_दोन:
दोघांचे आभार. लेटन्सीमॉनमध्ये वायफायचाच ड्रायव्हर लाल दिसला. वायफाय बंद, बफर २५६ केला. मग हॉलवर जाऊन बेसच्या स्पीकरशेजारी सगळ्यात जड पॅच (आवाजांची तयार जुळणी) दोन तास वाजवला. करकर खूप कमी, पण मोठ्या पियानोला अजून दोनदा टक् झालं. म्हणजे डिस्कही दोषी. तळाच्या जाळ्या पाहिल्या तर मी लॅपटॉप कीबोर्डच्या मऊ कव्हरवर ठेवत होतो आणि हवेची वाट मीच बुजवली होती. आता स्टँड घेतलाय.

पोर्ट मात्र गेलाच आहे, त्यामुळे बदलायचा हे नक्की. तेवढ्याच पैशांत एक कोरा करकरीत घेऊ, की ऑफिस श्रेणीतले दोन वापरलेले?

पांढरी_चार:
दोन. अगदी एकसारखे, एसएसडीसकट. दोन्हींवर तेच पॅच, त्याच क्रमाने. दुसरा चालू करून शेजारी उघडा ठेवा, आणि इंटरफेसची केबल एकातून काढून दुसऱ्यात लावायची घरी चार वेळा तालीम करा. पहिल्यांदा मला दीड मिनिट लागलं होतं. निम्मा वेळ ड्रायव्हरच्या यादीत इंटरफेस निवडायचा राहून गेलाय हे लक्षात येण्यात गेला.