सिंहली ‘ज्ञ’ला स्वतंत्र संकेतांक आहे

सिंहली लिपीतला ‘ज्ञ’ देवनागरीप्रमाणेच ज, हलन्त आणि ञ जोडून साठवला जातो, असा समज असेल तर तो दुरुस्त करावा लागेल. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या ‘युनिकोड’ या मानकाने १९९९ साली तिसऱ्या आवृत्तीत सिंहली लिपी घेतली, तेव्हाच या जोडाक्षराला ०डीए५ हा स्वतंत्र संकेतांक दिला. आपल्या ‘ज्ञ’ला तसा नाही. त्यामुळे कोणी ज, ‘अल्-लकुण’ (त्यांचा हलन्त) आणि ञ असे वेगवेगळे टंकले, तर वाचकाला तो ज्ञ वाटला तरी संगणकाच्या लेखी तो निराळा मजकूर ठरतो आणि शोधात सापडेलच असे नाही. (या अक्षराच्या अधिकृत इंग्रजी नावात अनुनासिक या अर्थाच्या ‘नासिक्यय’चे ‘नाक्सिक्यय’ झाले आहे; नावे बदलायची नाहीत या नियमामुळे ती चूक कायम आहे.) ‘श्री’ मात्र तिथेही जोडूनच बनतो, पण अल्-लकुणानंतर अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते.