मदत हवी आहे : व्हीएफडीवर कमी वेगाने चालणारी मोटर फार तापते

नमस्कार. आमच्या कन्व्हेयरवर ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, चार पोलची इंडक्शन मोटर आहे. तिला व्हीएफडी (पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून ती बहुतेक वेळ १५ हर्ट्झवर, म्हणजे सुमारे ४५० आरपीएमच्या सिंक्रोनस वेगावर (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगावर) चालते. तासाभरात बॉडीवर हात ठेववत नाही आणि टर्मिनल बॉक्स उघडला की वार्निशचा वास येतो. करंट मात्र नेमप्लेटच्या मर्यादेतच असल्याने ड्राइव्ह ट्रिप होत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

ड्राइव्ह फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो (१५ हर्ट्झला साधारण १२५ व्होल्ट), त्यामुळे चुंबकीय फ्लक्स टिकतो आणि कमी वेगालाही पुरेसा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. पण मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने वेग घटला की हवाही घटते. जाळीसमोर धरलेला कागद जेमतेम हलतो. कन्व्हेयरचा भार मात्र वेगाबरोबर कमी होत नाही.

स्वतंत्र पुरवठ्यावर चालणारा पंखा बसवावा, की गिअरबॉक्सचे गुणोत्तर बदलून मोटर ४५ हर्ट्झच्या आसपास चालवावी? मला दुसरा उपाय मुळापासूनचा वाटतो, कारण त्यात मोटरवरचा टॉर्कही कमी होईल. लो-स्पीड व्होल्टेज बूस्ट (कमी वेगाला ड्राइव्ह देत असलेले जादा व्होल्टेज) जास्त ठेवल्याने मोटरचा लोखंडी गाभा सॅच्युरेट (चुंबकीयदृष्ट्या संपृक्त) होऊन मोटर तापत असेल, तर एकूण करंट नेमप्लेटच्या मर्यादेत असताना ते कसे ओळखावे? वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान जाणणारा सेन्सर) नसलेल्या जुन्या मोटरला संरक्षण कसे द्यावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.