डिलिव्हरी कंत्राटदाराकडे ट्रक चालवण्याची नोकरी: होकाराआधी काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आपल्या एका सभासदाला फेडेक्स ग्राउंडची पार्सलं वाटणाऱ्या कंत्राटदाराकडे नोकरी मिळतेय. ग्रीन कार्ड आहे. गाडी कंत्राटदाराची, रोजचे पैसे ठरलेले, आठवड्याला पाच दिवस. "रोजावर काम असलं की ओव्हरटाइम नसतो," असं त्यांना सांगितलंय. खरं आहे का? सही अजून केलेली नाही.

– एडिसन

---

नमस्कार,

खरं नाही. रोज ठरलाय म्हणून ओव्हरटाइम बुडत नाही. आधी गाडीचं वजन बघायचं. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसतो, त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे मालासकट गाडीचं कमाल वजन, लिहिलेलं असतं. ते १०,००० पौंड किंवा कमी असेल, तर आठवड्यात ४० तासांपुढे ओव्हरटाइम द्यावाच लागतो. त्याहून जड स्टेप व्हॅनला (डिलिव्हरीची उंच, चौकोनी गाडी) केंद्रीय कायद्यातली सूट लागू होऊ शकते. तिथे राज्याचा नियम वेगळा बघा. काही दिवस छोटी, काही दिवस मोठी गाडी असेल तर? छोट्या गाडीवरच्या कामाबद्दल कायद्याचे शब्द "पूर्णतः किंवा अंशतः" असे आहेत, म्हणजे थोडं काम छोट्या गाडीवर असलं तरी ओव्हरटाइम लागू होऊ शकतो. म्हणून कुठल्या दिवशी कुठली गाडी होती ते रोज वहीत लिहा.

हिशोब असा: रोज १८० डॉलर, पाच दिवसांचे ९००. तास ५० भरले, तर तासाला १८ पडले. साधा दर आधीच मिळालाय, म्हणून वरच्या १० तासांना अर्धा दर जादा: ९ गुणिले १० म्हणजे ९०. एकूण ९९०. तास स्कॅनर सुरू केल्यापासून मोजू नका. सकाळी गाडी भरणं, मालाची वाट बघत थांबणं, हेही कामच आहे.

दुसरा प्रश्न: वर्षअखेरी डब्ल्यू-२ (पगारी नोकराचा कर-फॉर्म) देणार की १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराचा)? गाडी त्यांची, रूट त्यांचा, वेळ त्यांची असताना १०९९ देत असतील, तर सही करू नका. डब्ल्यू-२ वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. १०९९ वर पूर्ण १५.३ टक्के तुमच्या माथी. शिवाय पाठ धरली, घोटा मुरगळला तर वर्कर्स कॉम्पसाठी (कामावरच्या दुखापतीची भरपाई) भांडत बसावं लागतं. आयआरएसकडे (केंद्रीय कर खातं) एसएस-८ फॉर्म भरून तुम्ही नोकर की कंत्राटदार याचा निर्णय मागता येतो, त्याला फी नाही.

– शिकागो

---

वरच्यात भर.

गाडी १०,००१ पौंडांपासून पुढची असेल तर डीओटीची (केंद्रीय वाहतूक खातं) वैद्यकीय तपासणी लागते. सीडीएल (व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन्स) मात्र २६,००१ पासून. तपासणीनंतर मिळणारं मेडिकल कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं. बीपीची गोळी चालू असेल तर सहसा एकच वर्ष. इन्सुलिन घेणाऱ्यांना २०१८ पासून वेगळी सवलत मागावी लागत नाही, पण आपल्या डॉक्टरांकडून एमसीएसए-५८७० फॉर्म भरून घ्या आणि निदान तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी तयार ठेवा. आयत्या वेळी इथेच अडतं.

सकाळी निघण्याआधी पुढच्या टायरची नक्षी ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२ आहे ना ते बघा. ब्रेक, दिवे, आरसे, वायपर, अग्निशामक आणि तीन त्रिकोण. दोष दिसला तर दिवसअखेरीच्या अहवालात लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

माल उलट्या क्रमाने भरा: शेवटचा थांबा सगळ्यात आत, लेबल बाहेरच्या बाजूला, जड खोकी खाली जमिनीवर. मधली वाट अडवली तर दर थांब्याला दोन मिनिटं जातात, आणि शंभर थांबे असले की दिवस हातातून जातो. ड्राइव्हवेत शक्यतो शिरूच नका. रिव्हर्स घ्यावंच लागलं तर उतरून मागे फेरी मारा, मगच गिअर टाका.

सणासुदीच्या गर्दीत भाड्याचे बॉक्स ट्रक देतात, त्यांची उंची केबिनमध्ये लिहिलेली असते, ती पाठ करा. फोनचा नकाशा कारचा रस्ता दाखवतो. न्यूयॉर्कच्या पार्कवेवर व्यावसायिक गाड्यांना बंदी आहे आणि तिथले पूल बुटके आहेत.

– क्वीन्स

---

यादीवरच्या तरुणांसाठी एक: एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, नसेल तर हे काम करता येत नाही, एच-१बी वर (ठरलेल्या मालकाकडच्या नोकरीचा व्हिसा) शनिवार-रविवारचंही नाही. १०९९ वर घेतलं तरी ते कामच धरलं जातं. ओपीटीवरच्या (विद्यार्थी व्हिसावरची तात्पुरती कामाची परवानगी) विद्यार्थ्यांना काम आपल्या शिक्षणाच्या विषयातलंच लागतं. कंत्राटदाराने विचारलं नाही म्हणून चालून जाईल, असं समजू नका. स्टेटस तुमचं जाईल.

– एडिसन