आत्मकथनातले संवाद: आठवण, रचना की खोटं?
(तळटीप, पारंबी, शाई आणि उंबरठा या टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

तळटीप
आत्मकथनात तीस वर्षांपूर्वीचं भांडण पानभर संवादांत येतं. कोण काय म्हणालं, कोणी मध्येच तोडलं, कुठल्या शब्दावर आवाज चढला, सगळं अवतरणचिन्हांत. इतकं शब्दशः कोणालाही आठवत नाही. मग ते पान काय आहे? माझ्या मते ते खोटं आहे, आणि लिहिणारा कसलेला असेल तर जास्तच, कारण वाचक शंका घ्यायचंच विसरतो.

कादंबरीला मी हा नियम लावत नाही. कवी कशाचाच ठाम दावा करत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही, असं इंग्रज कवी फिलिप सिडनी 16व्या शतकातच सांगून गेला. आत्मकथनाचं तसं नसतं. फ्रेंच समीक्षक फिलिप लजन याने 1975 साली त्याला 'करार' म्हटलं: मुखपृष्ठावरचं नाव, निवेदक आणि आतला 'मी' हे एकच, असा शब्द लेखक वाचकाला देतो.

माझा नियम असा. पत्र, रोजनिशी, ध्वनिमुद्रण असं काही हाताशी असेल, किंवा भांडणातल्या दोघांना तेच वाक्य स्वतंत्रपणे आठवत असेल, तरच अवतरणचिन्हं. दोघांना वेगवेगळं विचारायचं, आणि आपलं वाक्य आधी सांगायचं नाही. एकदा सांगितलं की समोरच्याला तेच 'आठवायला' लागतं. बाकी सगळं अप्रत्यक्ष निवेदनात: 'तो पैशांवरून बोलला आणि निघून गेला.'

पारंबी
असहमत. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिताना हीच अडचण उघड मांडली होती. भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून त्या प्रसंगी जे बोलणं उचित होतं ते त्याने वक्त्यांच्या तोंडी घातलं, मात्र प्रत्यक्ष बोलण्याचा एकंदर आशय शक्य तितका राखला. त्याला खोटारडा म्हणाल?

मुळात तुमचा उपाय दुखण्यावर नाहीच. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान 28 जानेवारी 1986 ला कोसळलं. ती बातमी कशी कळली, हे मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. 7 पैकी गुण दिले तेव्हा 11 जणांना शून्य मिळालं, पूर्ण गुण फक्त 3 जणांना. आणि बहुतेकांना आपल्या आठवणीबद्दल पक्की खात्री होती. इथे घोळ संवादात नव्हता. कुठे होतो, कोणी सांगितलं, कधी कळलं, हेच चुकलं होतं. 'तो पैशांवरून बोलला' हे तुमचं वाक्यही त्याच आठवणीतून येतं. अवतरणचिन्हं काढून तुम्ही चूक काढली नाहीत, फक्त ती ओळखू येणार नाही अशी केलीत. रंगवलेला संवाद निदान सुजाण वाचकाला सांगतो की हे रचलेलं आहे.

तळटीप
आठवण चुकणं आणि आठवत नसताना रचणं यांतला फरक मी सोडणार नाही. पहिली चूक, दुसरा बनाव. पण खात्री आणि अचूकपणा यांची फारकत असते, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून शंकेची खूण हवी, तीही मोजक्या जागी. दर वाक्याला 'बहुधा' आणि 'मला वाटतं' लावलं की वाचक ते वाचेनासा होतो. ज्या तपशिलावर कोणावरचा आरोप किंवा कथेचं वळण टेकलेलं आहे, तिथेच लिहावं: 'हे मला असं आठवतं, बहिणीला वेगळं आठवतं.' साडीच्या रंगाला अशी खूण कशाला?

शाई
संपादनाच्या बाजूने बघितलं तर संवाद हा त्यातला लहान प्रश्न आहे. जास्त नुकसान इतरत्र होतं आणि ते दिसतही नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे जोडपात्र. तीन शिक्षक होते. एकाने एकदा मारलं, दुसऱ्याने वर्गासमोर अपमान केला, तिसऱ्याने मुद्दाम नापास केलं. लेखक सोयीसाठी तिघांचा एक करतो. प्रत्येक घटना खरी, पण तयार झालेला माणूस राक्षस. तिघांनी एकेक चूक करणं आणि एकाने तिन्ही करणं ही दोन वेगळी जगं आहेत. पहिल्यात संस्थेची रीत दिसते, दुसऱ्यात एका माणसाचा दुष्टपणा. जोडपात्राने पुस्तकाचा निष्कर्षच बदलतो. चांगुलपणाचंही तसंच: पाच जणांची मदत एका देवमाणसात कोंबली की बाकीचे चार पुसले जातात.

दुसरी गफलत काळ आखडण्याची. भांडण मार्चमध्ये, घर सोडलं डिसेंबरमध्ये. मधले नऊ महिने कंटाळवाणे म्हणून गाळले आणि दोन्ही प्रसंग लागोपाठ ठेवले, की 'नंतर'चं आपोआप 'म्हणून' होतं. लेखकाने कारण कुठेही लिहिलेलं नसतं, तरी वाचकाला ते मिळतं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: खर्डा पुरा झाला की प्रत्येक प्रसंगाच्या समासात तारीख, निदान महिना घाला आणि नुसत्या तारखा क्रमाने वाचा. जिथे मोठी फट आहे आणि मजकुरात ती जाणवत नाही, तिथे एक वाक्य घाला. 'त्यानंतर नऊ महिने आम्ही एकाच घरात राहिलो' एवढंही पुरतं, आणि बरेचदा तेच त्या पानावरचं सर्वांत चांगलं वाक्य ठरतं.

नावं बदलण्याबद्दल थोडक्यात. त्याने अनोळखी लोकांपासून आडोसा मिळतो, घरच्यांपासून नाही. घरचे पहिल्या परिच्छेदातच ओळखतात.

उंबरठा
लेखनापुरतं कशाला, रोजच्या जगण्यातही गाडी वाक्याच्या खरेपणावरच अडते. 'नरो वा कुंजरो वा' आपण गुळमुळीत उत्तराला म्हणतो. द्रोणपर्वातला प्रसंग त्याहून कठोर आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारलेला, म्हणजे 'अश्वत्थामा मेला' हे वाक्य अक्षरशः खरं. 'हत्ती' हा शब्द युधिष्ठिर 'अव्यक्त' उच्चारतो, द्रोणांना ऐकू जाऊ नये असा. आणि जमिनीपासून चार अंगुळं वर राहणारा त्याचा रथ खाली टेकतो. शिक्षा शब्दांना नाही, समोरच्याच्या मनात जे पेरलं त्याला आहे. शाई यांचे गाळलेले नऊ महिने मला याच जातीचे वाटतात.

उलट टोकाला जर्मन तत्त्वज्ञ कांट. मारेकरी दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात आहे का' असं विचारत असला तरी खोटं बोलायचं नाही, असं त्याने 1797 च्या निबंधात मांडलं. मला ते पटत नाही. खरं ऐकायचा हक्क मारेकऱ्याने गमावलेला असतो.

मधला रस्ता डॉक्टरांनी नीट आखलाय. रुग्णाला वाईट निदान सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 साली मांडली गेली. निवांत जागा बघा. रुग्णाला आतापर्यंत काय कळलंय ते विचारा. किती जाणून घ्यायचंय तेही विचारा. त्यानंतर सोप्या शब्दांत, तुकड्यातुकड्याने सांगा. भावना उफाळतील तेव्हा थांबा, आणि शेवटी पुढचा बेत ठरवा. सांगणं चौथ्या पायरीवर येतं. बहुतेक माणसं 'मी स्पष्टवक्ता आहे' म्हणत थेट तिथे उडी मारतात, आणि ऐकणाऱ्याला पहिल्या धक्क्यानंतरचं काहीच ऐकू येत नाही. मग खरं सांगितलं, पण पोचलं कुठे?

पारंबी
उंबरठा, हे छान. शाई, जोडपात्राबद्दल मात्र अडतंय. घरातल्या छळाबद्दल कोणी लिहितंय. तिथे एक मावशी होती, जिने सगळं पाहिलं आणि गप्प राहिली. ती आज हयात आहे, तिने छापून यायला होकार दिलेला नाही. तिला शेजारणीत मिसळलं तर त्यात अप्रामाणिकपणा कसला?

शाई
होकाराचा मान राखायलाच हवा. पण मावशीचं गप्प राहणं आणि शेजारणीचं गप्प राहणं यांचं वजन सारखं नाही. मिसळलंत की घराचा दोष गल्लीवर जातो. त्यापेक्षा तिला पूर्ण वगळा आणि तिथेच लिहा: 'आणखी एका माणसाला हे माहीत होतं, त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही.'

तळटीप
शाई यांच्याशी सहमत. पहिल्या पानावरची 'काही पात्रं एकत्र केली आहेत' ही सरसकट ओळ तर नकोच. कोणती, ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवरच संशय येतो.

पारंबी
शाई यांनी सुचवलेलं ते वाक्य वाचून घरचे पाच मिनिटांत मावशीपर्यंत पोचतील, आणि आता 'लिहिणार नाही' या शब्दांमुळे तिच्यावरचा संशय जास्तच गडद होईल. मी असते तर कादंबरी म्हणून छापलं असतं.

तळटीप
कादंबरी म्हणून छापा, माझी काहीच हरकत नाही. फक्त मलपृष्ठावर 'सत्यकथा' लिहू नका.