अनुभव धागा : फायलींच्या चुकलेल्या तारखा तुम्ही कशा दुरुस्त केल्यात?

जुन्या संगणकावरचे फोटो आणि कागदपत्रे नव्या हार्डडिस्कवर नेल्यानंतर अनेकांना एकच प्रकार आढळतो : कित्येक वर्षांच्या फायली, आणि सगळ्यांवर एकाच दिवसाची तारीख. विंडोजमध्ये फाइलची प्रत केली की ‘क्रिएटेड’ ही तारीख प्रत केल्याच्या दिवसाची होते, ‘मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते, त्यामुळे फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली होती असे दिसू लागते. फोटोच्या फाइलमध्ये याखेरीज तिसरी एक तारीख असते. ती कॅमेऱ्याने एक्झिफ या नोंदीत लिहिलेली असते आणि नुसत्या प्रत करण्याने बदलत नाही. माझे मत असे आहे की दुरुस्ती या आतल्या तारखेपासून सुरू करावी, कारण बाहेरच्या दोन तारखा डिस्कच्या हिशेबाच्या आहेत आणि पुढच्या स्थलांतरात त्या पुन्हा बदलू शकतात. आपण कोणती तारीख कशाच्या आधारे बदललीत, आणि खरी तारीख कळलीच नाही तेव्हा काय केलेत, हे कृपया सविस्तर लिहावे.

छायाचित्रकार, कोल्हापूर

लग्नाच्या कामात आमचे एकाहून अधिक कॅमेरे चालतात आणि त्यांची घड्याळे सहसा जुळत नाहीत. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घेऊन वेळेनुसार लावले की अंतरपाट दूर होण्याआधीच सप्तपदी दिसते. यावर उपाय म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा फोटो काढून ठेवतो. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येत असल्याने तिच्यावर भरवसा ठेवता येतो. नंतर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच फोटोच्या एक्झिफमधली वेळ यांतला फरक काढायचा आणि त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढेच पुढे किंवा मागे सरकवायचे. एक्झिफटूल किंवा डिजिकॅम यांपैकी कोणतेही साधन हे काम करते. वेळ नव्याने टाइप करण्यापेक्षा ती सरकवणे केव्हाही चांगले, कारण दोन फोटोंमधले खरे अंतर त्यामुळे कायम राहते.

सॉफ्टवेअर अभियंता, न्यू जर्सी

गणपतीसाठी पुण्याला गेलो की आमच्या जुन्या कॅमेऱ्याचे घड्याळ न्यू जर्सीच्याच वेळेवर असते, त्यामुळे संध्याकाळी साडेसातच्या आरतीवर सकाळी दहाची वेळ पडते. उन्हाळी वेळ चालू असताना भारतीय वेळेशी फरक साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. म्हणून दुरुस्ती करताना न्यू जर्सीत त्या दिवशी कोणती वेळ चालू होती हे पाहण्यापेक्षा, कॅमेऱ्याचे घड्याळ शेवटचे केव्हा लावले होते हे आधी शोधावे.

व्हिडिओची गोष्ट वेगळी आहे. एमपी४ प्रकाराच्या फाइलमधली वेळ प्रमाणकानुसार जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, तर फोटोच्या एक्झिफमध्ये स्थानिक वेळ असते. त्यामुळे भारतात एकाच क्षणी मोबाइलवर घेतलेला फोटो आणि व्हिडिओ काही प्रणालींमध्ये साडेपाच तासांच्या अंतराने दिसतात. अशा व्हिडिओची तारीख चुकलेलीच नसते, म्हणून तिला हात लावू नये. मात्र अनेक कॅमेरे प्रमाणक न पाळता तिथेही स्थानिक वेळ लिहितात, तेव्हा आधी ज्याची वेळ नक्की ठाऊक आहे असा एक व्हिडिओ तपासून मगच पुढे जावे. एक्झिफमध्ये कालविभाग नोंदवण्याची सोय २.३१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आली, आणि त्याआधीच्या फोटोंत तो नसतोच.

कार्यालयीन कर्मचारी, सोलापूर

आमच्या एका संगणकातील बटन सेल संपला होता. संगणक बंद करून सुरू केला की घड्याळ मागच्या वर्षांत जात असे आणि स्कॅन केलेल्या पत्रांवर तीच तारीख बसत असे. सेल बदलल्यावर जुन्या फायली आवक-जावक नोंदवहीशी ताडून लावल्या. ‘१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०’ ही तारीख ज्या फायलींवर दिसेल, त्या सरकवण्याचा प्रयत्न करू नये. युनिक्स या संगणक प्रणालीच्या पद्धतीत काळाची मोजणी त्या दिवशी शून्यापासून सुरू होते आणि भारतीय वेळेत ते शून्य साडेपाच वाजता दिसते, म्हणजे तिथे तारीख नोंदलेलीच नव्हती.

निवृत्त शिक्षिका, पुणे

माहेरच्या आणि सासरच्या फोटोंचे स्कॅनिंग मी अलीकडे पूर्ण केले. स्कॅनर फाइलवर स्कॅन केल्याचा दिवस लिहितो, त्यामुळे आजेसासूबाईंच्या लग्नाचा फोटो नातवंडांच्या वाढदिवसांच्या शेजारी येऊन बसला होता. खरी तारीख शोधण्यासाठी प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन केली, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईतला मजकूर तिथेच असतो. एका फोटोमागे ‘माघ, शके १८७९’ असे लिहिलेले होते. शकात ७८ मिळवून १९५७ लिहिण्याचा मोह होतो, परंतु शक चैत्रात बदलतो आणि माघ महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो, म्हणून तिथे ७९ मिळवून १९५८ धरावे लागते. दुसऱ्या एका फोटोमागे काहीच नव्हते, पण त्यात आमचा नदीकाठचा वाडा उभा दिसतो. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, तो पडला, म्हणजे तो फोटो त्याआधीचा आहे एवढे नक्की ठरले. त्यात कडेवर असलेल्या आत्याबाईंच्या वयावरून तो कोणत्या वर्षानंतरचा आहे हेही कळले.

खरा प्रश्न इथेच येतो. एक्झिफच्या रकान्यात बहुतेक प्रणाली पूर्ण दिनांक मागतात आणि माणसे निरुपायाने १ जानेवारी लिहून टाकतात. आणखी वीस वर्षांनी तो दिनांक वाचणाऱ्याला तो खरा वाटेल, आणि हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. एक्सएमपी या फाइलमधल्याच दुसऱ्या एका नोंदीत नुसते वर्ष किंवा वर्ष आणि महिना लिहिता येतो, म्हणून मी ती वापरते. जिथे पूर्ण दिनांक देणे भागच पडते तिथे वर्णनाच्या रकान्यात ‘दिनांक अंदाजे, आधार : पुरापूर्वीचा वाडा’ असे स्पष्ट लिहिते. पेनड्राइव्हवर फायली साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॅट पद्धतीत १९८० पूर्वीची तारीख मावतच नाही, त्यामुळे अशा फोटोंची तारीख फाइलच्या आत लिहिण्याला पर्याय नाही.

ध्वनिसंग्राहक, सांगली

कीर्तनाच्या कॅसेटींवरून केलेल्या एमपी३ फायलींत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत होती. आयडी३ म्हणजे एमपी३ फाइलच्या आत शीर्षक, वर्ष वगैरे माहिती ठेवणारी नोंद, म्हणजेच टॅग. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइटांचीच जागा आहे आणि संकेतन, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, नोंदवण्याची सोय नाही. एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरून तो जुना टॅग काढला आणि २.३ आवृत्तीचा टॅग देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-१६ या संकेतनात लिहिला. वर्षाच्या रकान्यात कीर्तनाचे वर्ष लिहिले आणि संगणकावर घेतल्याचे वर्ष टिप्पणीत ठेवले.

वकील, ठाणे

पुढे पुरावा म्हणून लागण्याची शक्यता असलेल्या फायलींची, मग ते बांधकामाचे फोटो असोत की संभाषणाचे ध्वनिमुद्रण, तारीख कृपया दुरुस्त करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा तिच्या ठशासारखा संकेतांक, नमूद करावे लागते. हॅश फाइलमधील मजकुरावरून निघतो, त्यामुळे बाहेरची ‘मॉडिफाइड’ तारीख बदलल्याने तो बदलत नाही, पण एक्झिफमधला एक अंक बदलला तरी पूर्ण बदलतो. तारीख चुकीची असल्यास मूळ फाइल तशीच ठेवून, ती का चुकली हे स्वतंत्रपणे लिहून ठेवावे.

धागाकर्ता

ठाण्याच्या सदस्यांच्या सूचनेला एक जोड देतो. एक्झिफटूल कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवते, आणि ती प्रत न ठेवण्याचा पर्याय निवडल्याशिवाय जात नाही. घाईने तो पर्याय निवडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांबद्दल काहींनी निरोपातून विचारले आहे. त्यांत कॅमेऱ्याचे एक्झिफ उरत नाही, परंतु अँड्रॉइड मोबाइलवर फाइलच्या नावात वर्ष, महिना आणि दिवस सलग आठ अंकांत असतात आणि एक्झिफटूल ते नावातून उचलून आत लिहू शकते. तो दिवस चित्र पाठवल्याचा किंवा मिळाल्याचा असतो, काढल्याचा असेलच असे नाही, म्हणून पुण्याच्या बाईंप्रमाणे वर्णनात तसे नमूद करावे. यापुढे नातेवाइकांकडून फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल तिच्या आतल्या तारखेसह मिळते.